आठ किलो उतरले, तरी स्की का नीट वळत नाही?

स्लॅलम वॉटर स्की करणाऱ्यांमध्ये वजनाबद्दल दोन समज हमखास ऐकू येतात. एक म्हणजे वजन उतरवलं की पार होणारे बोये (वळसा घालायच्या तरंगत्या खुणा) आपोआप वाढतात. दुसरा बरोब्बर उलटा, की बोटीच्या ओढीपुढे टिकायचं तर अंगात वजन पाहिजेच. दोन्ही अर्धवट आहेत. का ते कळायला शाळेतला न्यूटनचा दुसरा नियम पुरतो, फक्त तो नीट लावून बघायला हवा. मला या खेळातलं हेच गणित सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी खेळ काय आहे ते. बोट सरळ रेषेत जाते, मागे एकाच स्कीवर उभा राहून माणूस दोराचं हँडल धरून असतो आणि त्याला सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला. कोर्स 259 मीटर लांब, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून 11.5 मीटर बाजूला आणि एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत पुढच्या दिशेने 41 मीटर. बोटीचा वेग पुरुषांसाठी जास्तीत जास्त ताशी 58 किलोमीटर, बायकांसाठी 55. त्या वेगाला पोचलात की पुढे वेग वाढवत नाहीत, दोर आखूड करतात. 18.25 मीटरपासून सुरुवात, मग 16, 14.25, 13, 12, 11.25, 10.75, 10.25, आणि अगदी वरच्या पातळीवर 9.75. म्हणजे एका टप्प्यानंतर दोर बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड असतो आणि उरलेलं अंतर हात आणि अंग लांबवून गाठायचं असतं.

आता खरी मजा. बोट कुणासाठी हळू होत नाही. ताशी 58 म्हणजे सेकंदाला साधारण 16.1 मीटर, म्हणजे 41 मीटर जायला तिला सुमारे 2.55 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, 23 मीटर आडवं, जाऊन वळायला तयार पाहिजे. तुम्ही 60 किलोचे असा नाहीतर 100 किलोचे, घड्याळ सगळ्यांना तेच.

हे आडवं जाणं-येणं लंबकासारखं एकसारखं आहे असं धरू (खरं ते तितकं गुळगुळीत नसतं, पण अंदाजाला चालतं). एक पूर्ण फेरी म्हणजे 5.1 सेकंद, मधल्या रेषेपासून जास्तीत जास्त अंतर 11.5 मीटर. त्यातून आडवा वेग जास्तीत जास्त सेकंदाला 14 मीटरच्या वर येतो, तो बोटीच्या बरोबर मागून जाताना. बोटीचा पुढचा वेग त्यात काटकोनात मिळवला की माणूस पाण्यावरून ताशी 77 च्या आसपास जात असतो, बोट 58 ने जात असताना! आणि टोकाशी आडवं त्वरण येतं सेकंदवर्गाला 17.5 मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 1.8 पट.

हा 1.8 चा आकडा नीट बघा, कारण त्यात वस्तुमान कुठेच नाही. त्वरण कोर्स ठरवतो, तुमचं वजन नाही. पण बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, त्यामुळे त्याची किंमत वजनाप्रमाणे मोजावी लागते. 90 किलोच्या माणसाला टोकाशी सुमारे 160 किलो वजनाइतकं आडवं बल लागतं, तोच 82 किलोचा झाला की 146. अंगावरचे 8 किलो गेले आणि भार 14 किलोने हलका झाला. हे बल दोर आणि स्कीची कड मिळून देतात, सगळं हातांवर येत नाही हे खरं, पण प्रत्यक्षात ओढ थोड्या वेळात एकवटलेली असते त्यामुळे झटके या सरासरी हिशेबापेक्षा मोठेच बसतात. पंजे, मनगटाच्या वरचे स्नायू, कंबर, पाठ, सगळ्यांना प्रत्येक बोयाला हा फरक जाणवतो.

शिवाय उंची आणि हाताची लांबी वजन उतरवल्याने कमी होत नाही. आखूड दोरावर पोच फार महत्त्वाची, ती तशीच राहते आणि भार तेवढा कमी होतो, म्हणून चरबी कमी करणं फायद्याचं. आता "वजन असलं की बोटीविरुद्ध जास्त झुकता येतं" हा मुद्दा घ्या. झुकण्याच्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे स्कीवरचं आडवं बल भागिले वजन. वर पाहिलं तसं आडवं बलही वस्तुमानाच्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे वरखाली वस्तुमान कटून जातं. 45 अंश झुकायला हलक्या माणसाला लागते तेवढीच शिस्त जड माणसाला लागते, फक्त जड माणसाला हँडल जास्त घट्ट धरावं लागतं. जडपणाचा एक फायदा मात्र खरा आहे, बोटीमागच्या लाटा ओलांडताना जड माणूस कमी उडतो.

मग वजन उतरवलेले बरेच जण सुरुवातीला उलट कमी बोये का करतात? कारण स्की जुन्या वजनाची असते. पाण्यावर सरकणाऱ्या स्कीला मिळणारा उठाव तीन गोष्टींवर ठरतो, वेगाचा वर्ग, पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ आणि स्कीचा पाण्याशी असलेला कोन. उठावाला वजन पेलायचं असतं. वेग बोट ठरवते, म्हणून वजन कमी झालं की उरलेल्या दोन गोष्टी कमी होतात, स्की पाण्यावर उंच चढते. बोटीमागून आडवं जाताना हे छान वाटतं, स्की पळते. पण बोयाच्या आधी वेग कमी व्हायला आणि स्कीचं पुढचं टोक पाण्यात बसायला हवं असतं, तेव्हाच तिचा खालचा वक्र पाणी धरतो आणि माणूस वळतो. हलक्या माणसाखाली तीच स्की बसतच नाही, घसरत पुढे जाते, वळण लांबतं, पुढच्या बोयाला उशीर होतो. उशीर झाला की माणूस घाबरून जोरात ओढतो, म्हणजे जो भार वाचवला तो परत अंगावर घेतो.

आणि उतरलेलं वजन कसलं होतं हाही प्रश्न आहेच. घाम गाळायचे प्लास्टिकचे सूट, "फॅट बर्नर" पावडरी, आठवड्यात अमुक किलो अशा जाहिराती, यांच्या नादी अजिबात लागू नका. सूट घालून जे जातं ते पाणी, प्यायलात की परत येतं. जेवण एकदम तोडलं की आधी यकृतातलं आणि स्नायूंमधलं ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) कमी होतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवसांत काटा धडाधड खाली येतो. पण अख्खा कोर्स पार करायचे साधारण 16 सेकंद चालतात कशावर? मुख्यतः स्नायूंमधल्या फॉस्फोक्रिएटिनवर (झटपट ऊर्जा देणारा साठा) आणि ह्याच ग्लायकोजेनवर, म्हणजे दिवसाची पहिली फेरी निघेल, पाचवी-सहावी नाही. त्यात स्नायूच गेले तर वर काढलेला सगळा फायदा उलटा होतो, भार 9 टक्क्यांनी कमी आणि पकड त्याहून जास्त कमी. म्हणून सावकाश उतरवायचं, प्रथिनं पुरेशी घ्यायची, आणि डेडलिफ्ट, रोइंग, लटकून राहणं असले व्यायाम बंद करायचे नाहीत.

स्की बनवणारे आकाराचा तक्ता देतात तो वजन आणि बोटीचा वेग असाच असतो, 65 इंच, 66, 67, 68 असे टप्पे. वजन बदललं की तो तक्ता परत काढून बघायचा. टप्प्याच्या सीमेवर असाल तर लगेच नवी स्की घेऊ नका, आधी बुटांची जागा आणि मागचं फिन (स्कीखालचं पातं) तपासा. फिनची मापं कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि तेवढा बदलही पायाला कळतो. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, जुनं माप लिहून ठेवायचं, आणि लांब, सोप्या दोरावर दोन-चार फेऱ्या मारून स्की वळताना बसते का ते बघायचं. तरीही टोक वरच राहत असेल तर एक माप लहान स्की कुणाकडून तरी उसनी घेऊन बघा, पहिल्याच वळणात फरक कळतो.