मेंदूतला दाह वेगळा, पेशीचा ताण वेगळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमधून सीआरपी आणि ईएसआर या, शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) मोजणाऱ्या रक्ततपासण्यांचा रिपोर्ट येतो. आकडे नॉर्मल असतात आणि आईच्या विसरण्याशी दाहाचा काही संबंध नाही, असं घरचे ठरवून मोकळे होतात. शेजारच्या घरात उलटं घडतं: सीआरपी वाढलाय, म्हणजे मेंदूला सूज आली. दोन्ही चूक. सीआरपी यकृतात तयार होतो आणि हिरडी सुजली तरी वाढतो. अल्झायमर किंवा पार्किन्सनमध्ये मेंदूत वर्षानुवर्षं चालणारा दाह त्या आकड्यात दिसेलच असं नाही. एमआरआयमध्येही अल्झायमरच्या रुग्णाचा मेंदू सुजलेला नव्हे, आक्रसलेला दिसतो.

दुसरा गोंधळ ‘स्ट्रेस’चा. न्यूरोलॉजिस्ट ‘सेल्युलर स्ट्रेस’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, रिटायर झाल्यावर अण्णांनी टेन्शन घेतलं, त्याबद्दल बोलणं चाललंय. इथला ताण मनाचा नाही. एका पेशीच्या आत प्रथिनांच्या घड्या चुकू लागल्या, इंधन कमी पडलं किंवा मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) बिघडले, की ती पेशी जे करते ते म्हणजे ताण-प्रतिसाद.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. तेव्हा घरातली माणसं मेन स्विच पाडतात, धान्य माळ्यावर चढवतात. हे ज्याचं त्यानं आपल्या घरापुरतं करायचं काम. बोटी घेऊन येणारं पथक ही निराळी यंत्रणा. ताण-प्रतिसाद म्हणजे घरातली आवराआवर आणि दाह म्हणजे पथक. एकाच पुरात दोन्ही चालू असतात, म्हणून गल्लत होते.

आधी घरातलं पाहू. चेतापेशीतली बरीच प्रथिनं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कारखान्यात घडतात. तिथं चुकीच्या घडीची प्रथिनं साचली की पर्क, आयआरई-१ आणि एटीएफ-६ हे तीन पहारेकरी जागे होतात. त्यातला पर्क ई-आय-एफ-टू-अल्फा या प्रथिनावर ५१ व्या जागी एक फॉस्फेट चिकटवतो आणि पेशीचं बहुतेक प्रथिन-उत्पादन थंडावतं. फक्त एटीएफ-४ सारखी मोजकी, दुरुस्तीला लागणारी प्रथिनं त्या काळात जास्त बनतात. याच जागी फॉस्फेट चिकटवणारे आणखी तिघे आहेत: अमिनो आम्लं कमी पडली की जीसीएन-२, विषाणूचा दुहेरी आरएनए दिसला की पीकेआर, हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त रेणू) कमी पडलं किंवा मायटोकाँड्रिया अडचणीत आले की एचआरआय. संकटं चार, बटण एकच.

हे बटण काही तासांसाठी आहे. आजारात ते दाबलेलंच राहतं. सिनॅप्सची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्यांची, प्रथिनं सतत झिजत असतात. नवी आलीच नाहीत तर आधी जोडण्या गळतात, आणि पुढे चॉप नावाचं प्रथिन वाढून पेशी मरणाच्या वाटेला लागते. २०१२-१३ मध्ये प्रायॉनचा (चुकीच्या घडीच्या, पसरत जाणाऱ्या प्रथिनाचा) आजार दिलेल्या उंदरांवर झालेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. पर्कचा मार्ग रोखून प्रथिन-उत्पादन पुन्हा सुरू केलं, तेव्हा प्रायॉन साचतच राहिले, तरी चेतापेशी तगल्या. म्हणजे घाणीइतकाच, कदाचित जास्तच, घात न थांबलेल्या आवराआवरीनं होत होता. पण त्याच औषधानं उंदरांच्या स्वादुपिंडाला इजा झाली, वजनं घटली, कारण इन्सुलिन आणि पाचकरस भरपूर बनवणाऱ्या त्या अवयवाला पर्क रोजच लागतो.

आता पथक. मेंदूतल्या दाहाचे मुख्य कर्मचारी म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूतल्या संरक्षक पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना वेगळं ओळखलं. त्या रक्तातून रोज येत नाहीत. गर्भावस्थेतच मेंदूत शिरून तिथेच टिकतात. मेलेल्या पेशींचे तुकडे किंवा अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) दिसलं की त्या आयएल-१ बीटा आणि टीएनएफसारखे संदेश सोडतात आणि मग अॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशीही वागणं बदलतात. लाली, ऊब, वेदना यातलं बाहेरून काही जाणवत नाही. मेंदूच्या ऊतीत वेदनेचे ग्राहकच (रिसेप्टर) नाहीत. आणि हा दाह सरसकट वाईटही नाही. मायक्रोग्लियावरच्या ट्रेम-२ या ग्राहकाच्या जनुकात विशिष्ट बदल असेल तर अल्झायमरचा धोका अंदाजे तिप्पट होतो, हे २०१३ मध्ये कळलं. तो बदल ट्रेम-२ चं काम कमजोर करतो. पथक आलंच नाही तर काय होतं, त्याचा हा पुरावा.

दोन्हींमधली भिंत मात्र पातळ आहे. दाहाचा मुख्य स्विच एनएफ-कप्पा-बी याला आय-कप्पा-बी हे अल्पायुषी प्रथिन दाबून ठेवतं. पर्कनं उत्पादन थांबवलं की आय-कप्पा-बीचा साठा लवकर संपतो आणि स्विच मोकळा होतो. म्हणजे ताणलेली पेशी स्वतःच दाह पेटवू शकते. उलट बाजूनं टीएनएफमुळे शेजारच्या चेतापेशीवरचा ताण वाढतो. आधी कोण, हे रुग्णात ठरवणं म्हणूनच अवघड.

उपचारांत हा फरक चांगलाच महागात पडलाय. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मेंदूत घुसतात. तिथं झटका आल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून दिलं की झटक्यातून सावरणं लवकर होतं. अल्झायमरमध्ये वर्षभर प्रेडनिसोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक वेदनाशामकांनीही हाती काही लागलं नाही. ताणाच्या बाजूलाही यश नाही: एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मारणाऱ्या आजारासाठी सोडियम फेनिलब्युटिरेट आणि टॉरुरसोडिऑल यांची जोडगोळी अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत नापास होऊन बाजारातून गेली. शेजारच्या सांगलीची हळद रश्शात खुशाल घाला, पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून इतकं कमी शोषलं जातं की तिला मेंदूचं औषध म्हणणं धाडसाचं आहे. मेडिकलमधून स्वतःहून डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड आणणं मात्र धाडस नव्हे, धोका. पहिल्यानं वयस्कर माणसाची किडनी आणि जठर, दुसऱ्यानं साखर बिघडते.

सीआरपी उपयोगी पडतो तो एका वेगळ्याच प्रसंगी, संसर्ग शोधताना. डिमेन्शिया असलेलं माणूस दोन-तीन दिवसांतच एकदम बरळू लागलं, झोपाळलं किंवा ओळखेनासं झालं, तर ती आजाराची नेहमीची चाल नसते. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम, साखर, नव्यानं सुरू झालेली गोळी, हे त्याच दिवशी तपासून घ्यायचं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही मोजणाऱ्यांसाठी थोडं. ताणासाठी फॉस्फो ई-आय-एफ-टू-अल्फा आणि एकूण ई-आय-एफ-टू-अल्फा दोन्हींचा ब्लॉट लागतो. फॉस्फेटेज इन्हिबिटर न घालता पेशी फोडल्या तर सिग्नल जातो आणि ताण नव्हताच असं वाटतं. आयआरई-१ ज्याचा आरएनए कापतो त्या एक्सबीपी-१ च्या पीसीआरमध्ये २६ बेसचा फरक बघायचा असतो, पातळ अॅगरोजवर तो सुटत नाही. दाहासाठी मायक्रोग्लियाची खूण असलेल्या नुसत्या आयबीए-१ चा रंग पुरत नाही. त्यावरून मायक्रोग्लिया किती आणि कुठे ते कळतं, त्या काय सोडताहेत ते नाही. टीएनएफ किंवा आयएल-१ बीटाचा एलायझा सोबत हवा. आणि ई. कोलायमध्ये बनवलेलं अमायलॉइड किंवा टाऊ वापरत असाल तर आधी एंडोटॉक्सिन तपासा. मायक्रोग्लिया त्या जिवाणूच्या अंशालाच इतक्या जोरात उत्तर देतात की सगळं श्रेय चुकून प्रथिनाला जातं. नमुना उकळून फरक पाहण्याची युक्ती इथे भरवशाची नाही: एंडोटॉक्सिन उकळूनही टिकतं, पण टाऊही उष्णतेत टिकतं. म्हणून उकळल्यावरही टीएनएफ तेवढाच आला, तरी तो कशाचा हे त्यावरून ठरत नाही.