अमृता शेरगिल यांचे ‘तीन मुली’: अजिंठ्यापूर्वीचे चित्र

उघड्या भिंतीसमोर बसलेल्या, नजरा खाली वळलेल्या आणि एकमेकींना खेटून असूनही आपापल्या विचारांत हरवलेल्या तीन तरुण मुलींचे अमृता शेरगिल यांनी १९३५ मध्ये रंगवलेले चित्र अनेकदा अजिंठ्याच्या प्रभावाशी जोडले जाते. तारखांचा क्रम मात्र या समजुतीला आधार देत नाही, कारण शेरगिल यांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिले ते १९३६ च्या अखेरीस.

या चित्राची मुळे पॅरिसमध्ये शोधावी लागतात. बुडापेस्ट येथे १९१३ मध्ये हंगेरियन आई आणि शीख वडिलांच्या पोटी जन्मलेल्या शेरगिल सोळाव्या वर्षी पॅरिसला गेल्या आणि तेथील एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्युसियाँ सिमों यांच्या हाताखाली शिकल्या. बसलेल्या मॉडेलवरून शरीराचा घाट आणि भार नेमका पकडण्याची शिस्त त्यांना तेथे मिळाली. बहीण इंदिरा आणि एक फ्रेंच मैत्रीण यांना समोर बसवून १९३२ मध्ये केलेल्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला पुढल्या वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तेथील प्रतिष्ठेच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, सुवर्णपदकही लाभले. ते चित्र सफाईदार असले तरी बरेचसे शाळेच्या वळणाचे आहे.

१९३४ च्या अखेरीस भारतात परतल्यावर विषय बदलला, आणि त्याबरोबर हातही. ‘तीन मुली’मध्ये बारकावे गळून पडतात, रंगांची सपाट, रुंद क्षेत्रे उरतात; त्यांत फ्रेंच चित्रकार गोगँची आठवण स्पष्ट आहे. चेहऱ्यांवरील खिन्नतेला ‘भारताचे दुःख’ म्हणणे सोपे आहे, पण पॅरिसमधल्या त्यांच्या कित्येक व्यक्तिचित्रांतही हीच खिन्नता आढळते.

१९३५ मध्येच सिमल्याच्या कलासंस्थेने त्यांची काही चित्रे नाकारून एका चित्राला पारितोषिक दिले, तेव्हा त्यांनी ते परत केले. मुंबईत अनुभव वेगळा आला. नोव्हेंबर १९३६ मध्ये ताजमहाल हॉटेलात प्रदर्शन भरले, कार्ल खंडालावाला यांच्यासारखा जाणकार समीक्षक आणि मित्र भेटला आणि त्यानंतर त्या अजिंठ्याकडे व पुढे दक्षिणेकडे गेल्या. बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ला सुवर्णपदक दिले ते १९३७ मध्ये. त्याच वर्षी रंगवलेल्या ‘वधूचा शृंगार’मध्ये मात्र भित्तिचित्रांची रचना आणि रंगांचा दाटपणा खरोखरच उतरलेला दिसतो, अजिंठ्याचे ऋण शोधायचे असेल, तर ते या चित्रात शोधावे.