चित्रपट फोनमधून येत नाही

टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग प्लेअरवर ‘कास्ट’ केलेला, म्हणजे फोनवरून लावलेला, चित्रपट फोनमधूनच टीव्हीकडे जातो आणि म्हणून तो संपेपर्यंत फोन चालू ठेवावा लागतो, हा समज २०१३ मध्ये गुगलचा क्रोमकास्ट हा असा प्लेअर बाजारात आल्यापासून टिकून आहे. प्रत्यक्षात कोणता चित्रपट लावायचा आणि तो कुठून सुरू करायचा एवढाच निरोप फोन देतो; त्यानंतर प्लेअर घरातील वाय-फायवरून थेट चित्रपट पुरवणाऱ्या सेवेच्या सर्व्हरकडून चित्रपट मागवून घेतो, त्यामुळे फोन बंद केला तरी टीव्हीवरील चित्र सहसा खंडित होत नाही.

गैरसमजाचे मूळ बहुधा स्क्रीन मिररिंगमध्ये असावे. तेथे फोनचा पडदाच क्षणोक्षणी टीव्हीकडे पाठवला जातो, बॅटरीही खर्च होते, आणि फोन बंद पडताच सारे थांबते. फोनमध्ये साठवलेली छायाचित्रे दाखवतानाही फोन लागतोच.

कास्ट केलेला चित्रपट अडखळू लागला, तर फोनला दोष देण्याऐवजी प्लेअरपर्यंत वाय-फाय नीट पोहोचते का, हे आधी तपासावे. टीव्हीच्या मागे दडलेल्या प्लेअरला सिग्नल अनेकदा क्षीण मिळतो, आणि एचडीएमआयची छोटी जोडतार लावून तो थोडा बाहेर काढल्यास फरक पडू शकतो.