गोव्यातील भू-वापर नियोजन

गोव्यात कोणत्या जमिनीवर वस्ती होईल, कोणती शेती म्हणून राहील आणि कोणत्या डोंगराला हात लावायचा नाही, हे ठरवणारी आणि त्यानुसार बांधकामाचे अर्ज तपासणारी कायदेशीर व्यवस्था. तिचा मुख्य आधार म्हणजे १९७४ चा गोवा, दमण व दीव नगर व ग्राम नियोजन कायदा. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. पूर्वेला सह्याद्रीतली अभयारण्ये, पश्चिमेला किनारी नियमन क्षेत्र, मध्ये खाणपट्टा आणि नद्यांच्या काठाने खाजने, म्हणजे बांध घालून मिळवलेली सखल शेतजमीन. हे सगळे वजा केले की बांधायला मोकळी जमीन थोडीच उरते, आणि ती मागणाऱ्यांत गोव्याबाहेरचेही पुष्कळ. इतर राज्यांत खात्याच्या फायलीत पडून राहणारा हा विषय गोव्यात म्हणूनच ग्रामसभेत, मोर्चात आणि निवडणुकीत येतो. ‘सेटलमेंट’ (वस्तीसाठी, म्हणजे बांधकामासाठी ठेवलेली जमीन) आणि ‘ऑर्चर्ड’ (बागायतीची जमीन) हे शब्द इथल्या मराठी-कोकणी बोलण्यात इतके मुरले आहेत की त्यांचे भाषांतर करायला गेले तर उलट गोंधळ होईल.

जमिनीची जुनी विभागणी

जमिनीचा वापर दाखवणारे आराखड्यातले रंग येण्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या गावांत जमिनीला नावे होती. उंचावरची, केवळ पावसावर पिकणारी भातशेती ती मोरड. किनाऱ्याकडची रेताड जमीन ती खेर. खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून मिळवलेली ती खाजन. डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली पोफळी, नारळ, मिरीची बाग म्हणजे कुळागर. माथ्यावरचा कातळ म्हणजे सडा. ही नुसती नावे नव्हेत. सड्यावर मुरलेले पाणी झऱ्यातून कुळागरात, तिथून मोरडीत आणि शेवटी खाजनातून नदीला जाते, असा त्यांच्यामागे पाण्याचा हिशेब आहे.

खाजनाचा प्रकार विशेष समजून घेण्यासारखा आहे. राज्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांधात बसवलेल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या दरवाजाची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. बांध फुटला तर खारे पाणी एका माणसाच्या नव्हे, सगळ्यांच्याच शेतात शिरते. म्हणून बांधाची देखभाल गावाची. हे काम पूर्वी गावकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज कारभारात जिला कोमुनिदाद म्हटले गेले त्या ग्रामसंस्थेकडे होते. कूळ कायद्यानंतर ते बहुतांशी कुळांच्या संघटनांकडे आले. अशा खाजनात रस्त्यालगतचा एकच तुकडा मातीने बुजवला तरी वरून येणारे पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबते. नकाशावर तो बदल एका सर्व्हे क्रमांकाचा दिसतो, पावसाळ्यात मात्र अख्ख्या कोंडाचा, म्हणजे बांधाआडच्या सगळ्या शेतीचा, होतो. गोव्यातल्या भू-नियोजनाचा बराचसा वाद या एका विसंगतीत सामावलेला आहे.

शेतजमिनीला नियोजन कायद्याबाहेरचीही संरक्षणे आहेत. कूळ कायद्याखालच्या जमिनीचा शेतीखेरीज वापर करण्यास १९९१ च्या कायद्याने मनाई आहे. बिगर-शेतकऱ्यांना शेतजमीन विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले. डोंगर कापणे आणि सखल जमीन बुजवणे यांसाठी नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली आगाऊ परवानगी लागते. २५ टक्क्यांहून अधिक उताराच्या जमिनी प्रादेशिक आराखड्यात ना-विकास म्हणून धरल्या आहेत.

प्रादेशिक आराखडे

पहिला प्रादेशिक आराखडा २००१ सालापर्यंतचा विचार करून आखला होता. तो १९८६ मध्ये लागू झाला. दुसरा, ‘आराखडा २०११’, ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि त्यात डोंगर, बागायती व शेतीचे मोठे पट्टे वस्तीच्या रंगात रंगल्याचे लोकांच्या लक्षात आले. डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक असलेल्या गोवा बचाव अभियानाने गावोगावी नकाशे उलगडून दाखवले. सर्व्हे क्रमांक वाचायला सामान्य माणूस शिकला तो त्या काही महिन्यांत. पणजीच्या आझाद मैदानावर डिसेंबरात मोठी सभा झाली आणि २६ जानेवारी २००७ रोजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा मागे घेत असल्याचे जाहीर केले. अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या रेट्याने रद्द होणे ही देशात विरळा घटना.

त्यानंतरच्या ‘आराखडा २०२१’ साठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले गेले. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया त्यात होते. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जमिनीचे ‘इको-१’ आणि ‘इको-२’ असे दोन वर्ग केले, गावांची वाढीच्या क्षमतेनुसार प्रतवारी केली आणि मसुदा पंचायतींकडे पाठवून सूचना मागवल्या. तालुकावार अधिसूचना २०१० नंतर निघत गेल्या. २०१२ मध्ये सत्तांतर झाले तसा आराखडा स्थगित ठेवण्यात आला आणि २०१८ मध्ये पुन्हा अमलात आणला गेला. शीर्षकातले साल उलटून गेले तरी त्याच्या जागी नवा प्रादेशिक आराखडा आलेला नाही. नगरे आणि त्यांना जोडलेल्या काही गावांसाठी नियोजन व विकास प्राधिकरणे वेगळा बाह्य विकास आराखडा करतात. आपले गाव प्राधिकरणात गेले की जमिनीचा निर्णय पंचायतीच्या हातून सुटतो, ही भीती तिसवाडी तालुक्यातल्या गावांनी २०१८ मध्ये रस्त्यावर येऊन बोलून दाखवली होती.

कलमांतून होणारे बदल

सबंध आराखडा बदलायला वर्षे लागतात. एक तुकडा बदलायला कलम पुरते. २०१८ मध्ये आलेल्या कलम १६ब ने मालकाच्या अर्जावरून झोन, म्हणजे आराखड्यातला जमिनीचा वर्ग, बदलण्याची वाट उघडली. २०२३ मध्ये कलम १७(२) आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करणे हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात अर्जांमागून अर्ज मंजूर होऊन भातशेती, बागायत आणि ना-विकास क्षेत्रातले तुकडे ‘सेटलमेंट’ होऊ लागले. एवढ्या चुका नकाशा काढणाऱ्यांच्या हातून खरेच झाल्या होत्या का, हा प्रश्न ग्रामसभांत कुत्सितपणे विचारला जाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ मार्च २०२५ रोजी या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ खऱ्याखुऱ्या दुरुस्तीपुरता मर्यादित केला. याचिकाकर्त्यांत गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी आणि गोवा बचाव अभियान होते. दरम्यान २०२४ मध्ये कलम ३९अ कायद्यात आले होते. त्याखाली प्रादेशिक तसेच बाह्य विकास आराखड्यातला झोन बदलता येतो; मात्र १७(२) मध्ये नसलेली एक पायरी त्यात आहे. बदलाची सूचना प्रसिद्ध करून लोकांना सूचना-हरकतींसाठी ३० दिवस द्यावे लागतात.

वर्षाचे दोन पंचांग

ते ३० दिवस गावाच्या वेळापत्रकात बसत नाहीत. १९९४ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत रविवारी भरतात. सरकारी राजपत्र मात्र दर गुरुवारी निघते, शिवाय असाधारण अंक कधीही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूचना निघाली तर मुदत मार्चमध्ये संपते आणि नियमित ग्रामसभा एप्रिलमध्ये. विशेष ग्रामसभा बोलावता येते, पण त्यासाठी आधी कुणीतरी राजपत्र वाचलेले असावे लागते. सूचनेत सर्व्हे क्रमांक, उपविभाग आणि चौरस मीटर असतात. ‘देवळामागची भाटी’ असे काही लिहिलेले नसते. त्यामुळे बऱ्याच गावांत राजपत्र चाळून आपल्या गावचे क्रमांक व्हॉट्सॲपवर टाकणारी दोन-तीन माणसे तयार झाली आहेत.

जमिनीचे स्वतःचे पंचांग आणखी निराळे. डोंगरकापणी आणि भराव टाकण्याची कामे कोरड्या दिवसांत चालतात. रातोरात टिप्पर रिकामे होतात, सलग सुट्ट्यांच्या दिवसांत तर विशेष. त्याचा परिणाम जूनमध्ये दिसतो, लाल पाणी शेतात उतरते तेव्हा. जुलैच्या ग्रामसभेत त्यावर आवाज चढतात, तोवर माती बसून घट्ट झालेली असते.

परवानगीची साखळी

झोन अनुकूल असला म्हणून बांधता येते असे नाही. नमुना एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर मालकाबरोबर कुळाचे नाव आहे का, हे पहिल्यांदा पाहतात. पुढे नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, जमीन महसूल संहितेखालची रूपांतराची सनद, आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखला आणि अखेरीस पंचायत मंडळाचा बांधकाम परवाना. किनाऱ्यालगत किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडेही जावे लागते. खाजगी वनाच्या निकषात बसणारी झाडी असेल तर वन खातेही येते. ठराव ग्रामसभा घेते, परवाना मात्र पंचायत मंडळ देते. मंडळाने नाकारले तर अर्जदार पंचायत खात्याकडे अपिलात जातो, आणि वरच्या खात्यांची मंजुरी आधीच खिशात असल्याने त्याची बाजू भक्कम असते. मेगा प्रकल्पांविरुद्धचे एकमुखी ठराव म्हणूनच इतिवृत्तात राहतात.

मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाल्यापासून हा ताण, ज्यात तो विमानतळ आहे त्या पेडणे तालुक्यात, सर्वाधिक जाणवतो. त्याच वर्षी तालुक्यासाठी मांडलेला झोनिंगचा मसुदा स्थानिकांच्या विरोधानंतर मागे घ्यावा लागला. तेच गाव, तीच माणसे, पण घरच्या घरात मतेही दोन असतात: शेत राखा म्हणणारा भाऊ आणि मुलासाठी खोली वाढवायला सनद मिळत नाही म्हणून त्रासलेला भाऊ. दुसऱ्याचे गाऱ्हाणे खोटे नाही. वडिलोपार्जित जमीन ‘ऑर्चर्ड’मध्ये अडकलेल्या अनेकांनी शेवटी विनापरवाना भिंती उभ्या केल्या. पंचायत घर क्रमांक देते, घरपट्टी घेते. त्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. खाजगी जमिनीवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २०१६ चा कायदा आहे. पुढे कोमुनिदाद व सरकारी जमिनीवरच्या घरांसाठीही तरतुदी करण्यात आल्या, आणि २०२५ मध्ये त्या ‘म्हजें घर’ या योजनेच्या नावाने एकत्र पुढे आल्या.