चादरीचा गोट आणि बीजगणित

सोलापुरी चादर फाटत नाही, आधी तिच्या कडा विरतात. मग आमच्याकडे तिला चारी बाजूंनी गोट लावून घेतात. समजा, एका चादरीची लांबी रुंदीच्या दीडपट आहे आणि गोटाला 300 इंच पट्टी लागली. तर चादर केवढी?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेलं पोरगं न मोजता सांगेल, 60 बाय 90. पण वहीत समीकरण मांड म्हटलं की तेच पेन चावत बसतं. आकडेमोड अडत नाही, वाक्य अडतं.

खरं तर मराठीत खूण प्रत्ययातच असते. ‘रुंदीच्या दीडपट’ म्हटलं की ‘च्या’ ज्याला चिकटला त्याला गुणायचं. ‘रुंदीपेक्षा 30 इंचांनी जास्त’ म्हटलं की ‘पेक्षा’ ज्याला लागला त्यात मिळवायचं. म्हणून रुंदी र, तर लांबी 1.5र. पुष्कळ मुलं उलटं लिहितात: 1.5ल = र. लांबी मोठी, मग मोठा आकडाही तिच्याच शेजारी! ल म्हणजे ‘लांबी’ या शब्दाचं आद्याक्षर नव्हे, तर इंचांची संख्या, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. 1980च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट’ हे समीकरणात लिहायला दिलं, तर 37 टक्के चुकले, तेही बहुतेक असेच उलटे. तेव्हा सातवीतल्या पोरावर डाफरू नये.

पुढचं सोपं. दोन बाजू र, दोन 1.5र, मिळून 5र. 5र = 300, म्हणून र = 60.

अक्षराचीही भीती नको. भास्कराचार्य (जन्म 1114) अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’, म्हणजे जेवढं असेल तेवढं, म्हणत आणि नुसतं ‘या’ लिहीत. आणखी अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक अशी रंगांची नावं, ‘का’, ‘नी’. रंगीत सुतावर जगणाऱ्या गावाला हे परकं वाटू नये.

शिवणाऱ्या मावशी मात्र पट्टी 306 इंच कापतात: चार कोपऱ्यांच्या वळणाला चार इंच, जोडाला दोन. मग 5र + 6 = 306. हे 6 घाईत कंसात घुसले, 2(र + 1.5र + 6) असं झालं, की त्यांचे 12 होतात आणि रुंदी निघते 58.8 इंच. तेवढी चादर दुकानात मागून बघा.