बैजूचा तो आवाज रफीसाहेबांचा नाही

इंदूरच्या रामबागेत रविवारी पोह्यांवर जिरावण भुरभुरवता भुरभुरवता एक काका हमखास सांगतात, "'बैजू बावरा' चित्रपटातल्या दरबारातल्या जुगलबंदीत आपल्या अमीर खाँसाहेबांना रफीनं हरवलं हो!" निम्मं खरं आहे. तानसेनाचा आवाज अमीर खाँसाहेबांचाच, म्हणजे इंदूरचाच. पण समोर बैजूसाठी गातात ते द. वि. पलुस्कर, विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, ग्वाल्हेर गायकीचे.

घोळाचं कारण साधं आहे. 1952 च्या या चित्रपटात बैजू झालेल्या भारतभूषणच्या तोंडी 'ओ दुनिया के रखवाले' आणि 'मन तडपत हरिदर्शन को' आहेत. ती दोन्ही रफींचीच. चेहरा तोच, मग गळाही तोच असणार, असं आपण धरून चालतो.

संगीतकार नौशाद. दरबारी आणि मालकंस रागांतली ही दोन गाणी त्यांनी रफींकडून गाऊन घेतली, पण सामन्याला मैफलीतले कसलेले गवईच हवेत, हे त्यांनी ओळखलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण चालींइतकंच या निवडीत आहे.

काकांना एवढंच म्हटलं, डोळे मिटून ती जुगलबंदी, 'आज गावत मन मेरो', ऐका. राग देसी. एक आवाज खर्जाकडे झुकलेला, भारदस्त. दुसरा स्वच्छ, गोड, हलका. त्यात रफींच्या गळ्याची ती ओळखीची मखमल कुठे सापडते का बघा.

आणि हो, सामना जिंकतो बैजू. म्हणजे पडद्यावर इंदूर हरलं ते ग्वाल्हेर गायकीकडून! काकांना खरं तर हेच जास्त झोंबलं.