पट्ट्यावर चालणारी गोल करवत : घर्षण आणि तापणे

सुतारकामाच्या कारखान्यांत आणि लाकडाच्या वखारींत टेबलावर बसवलेल्या गोल करवतीला बहुधा मोटर थेट जोडलेली नसते. मोटरची शक्ती दोन पुलींवरून फिरणाऱ्या व्ही-पट्ट्यातून पात्याच्या दांड्याकडे जाते. असे यंत्र तापू लागले की पहिला हात पट्टा ताणायच्या बोल्टकडे जातो. ही सवय घातक आहे, कारण दोष पट्ट्यात नसेल तर जादा ताणामुळे चांगली बेअरिंगेही खराब होतात. आधी उष्णता नेमकी कोठे निर्माण होते ते शोधावे.

त्यासाठी यंत्र सुटे करून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. वीज मुख्य स्विचवरून तोडून पट्टा काढावा आणि पात्याचा दांडा हाताने फिरवावा. तो अडखळला, खरखरला किंवा वरखाली हलला तर दोष बेअरिंगचा. दांडा मोकळा फिरत असेल तर पट्ट्याविना नुसती मोटर काही वेळ चालवावी. तरीही ती तापली तर दोष मोटरमध्ये किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे. दोन्ही ठीक असतील तर पट्टा, पाते आणि लाकूड तपासावे.

व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून आपल्या तिरप्या बाजूंनी पकड घेतो. पट्ट्याचा कोन सुमारे ४०° असला तरी खाच ३४° ते ३८° ची ठेवतात, कारण पुलीवर वळताना पट्ट्याची आतली बाजू दबून रुंदावते आणि त्याचा कोन कमी होतो. खाच झिजली की पट्टा खाली उतरून तळाला टेकतो व पकड सुटते. खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला तर पुलीच बदलावी लागते. तेथे ताण वाढवून उपयोग नाही. दीड किलोवॅटच्या मोटरीची ५ टक्के शक्ती घसरण्यात गेली, तरी ७५ वॉट उष्णता पट्टा आणि पुलींतच निर्माण होते. लहान पुली आधी तापते, पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि जळक्या रबराचा वास येतो. दोन्ही पुली एका रेषेत आहेत की नाहीत, हे त्यांच्या कडांना सरळ पट्टी लावून कळते. ताण मोजताना पट्ट्याच्या मध्यावर दाब द्यावा; पुलींमधील अंतर अर्धा मीटर असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या दाबाला पट्टा सुमारे ८ मिमी आत दबणे अपेक्षित असते. घसरता पट्टा पकडावा म्हणून राळ लावणे टाळावे. तिच्यावर भुसा चिकटतो.

बेअरिंगच्या बाबतीत ग्रीस कमी पडणे जितके वाईट, तितकेच ते ठासून भरणेही. आतील मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा एवढेच ग्रीस पुरते. जास्त झाले तर ते घुसळले जाऊन तापते.

सर्वांत धोकादायक उष्णता पात्याची. बोथट दात लाकूड कापण्याऐवजी घासतात, आणि सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. दातांना एकाआड एक दिलेला बाहेरचा कल कमी झाला की काप अरुंद पडतो आणि पात्याचे अंग लाकडाला घासू लागते. ओल्या किंवा ताण भरलेल्या लाकडात काप मागे मिटतो आणि पाते आवळले जाते. म्हणूनच काप उघडा ठेवणारी पात्यामागची पाचर काढून काम करू नये. ती नसेल तर मागचे वर येणारे दात फळी उचलून कामगाराच्या अंगावर भिरकावू शकतात. फेन्स, म्हणजे लाकूड सरळ सरकावे म्हणून पात्याशेजारी लावलेली आधारपट्टी, पात्याला समांतर नसेल तरी हेच घडते. सतत घासल्याने पात्याचा परीघ मध्यापेक्षा अधिक तापून प्रसरण पावतो, पाते लहरते आणि घर्षण आणखी वाढते. पोलादावर निळसर डाग पडला असेल तर तेथे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले होते, आणि तेथील कठीणपणा कमी झालेला असू शकतो. कापाच्या दोन्ही बाजू काळ्या पडल्या तर आधी धार आणि दातांचा कल पाहावा. एकच बाजू काळी पडली तर फेन्स.

मोटर तापण्यामागे अनेकदा कमी व्होल्टेज असते. भार तोच असताना व्होल्टेज घसरले की इंडक्शन मोटर जास्त प्रवाह ओढते. लांब, बारीक वायरवर चालणाऱ्या करवतीत हे विशेष आढळते. एका फेजच्या मोटरमध्ये फक्त मोटर सुरू होताना लागणाऱ्या गुंडाळीची वीज नंतर तोडणारा स्विच जोडलेलाच अडकला, तर ती गुंडाळी थोड्याच वेळात जळते. पंख्याच्या जाळीवर भुशाचा थर बसला की हवा अडते. जादा प्रवाह झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले वारंवार वीज तोडत असेल तर त्याची मर्यादा वाढवू नये. गुंडाळीचे तापमान तिच्या मर्यादेपलीकडे दर १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.